खेळ विकणाऱ्याला वय विचारायला लावा : मराठवाड्याच्या आठ खासदारांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातून लोकसभेवर निवडून गेलेले आठही खासदार

सन्माननीय महोदय,

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं मोबाईलचं दुकान आहे. १८ वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं त्याच गाळ्यात नेट कॅफे चालवला. रिचार्ज, कव्हर, टेम्पर्ड ग्लास, सेकंड हँड लॅपटॉप आणि क्लासला आलेल्या पोरांच्या फोनची दुरुस्ती यावर घर चालतं. लेकरांना विकल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमबद्दल एका बापाने मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर द्यायचा अधिकार माझा नाही, कायदा करणाऱ्यांचा आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

गेल्या उन्हाळ्यात रेणापूर तालुक्यातले एक शेतकरी दुकानात आले. ओळखीचे. मुलासाठी लॅपटॉप त्यांनी माझ्याकडूनच नेला होता, २२ हजारांचा, जुना पण ग्राफिक कार्ड असलेला. मुलगा आठवीतून नववीत गेलेला. पिशवीतून लॅपटॉप काढून त्यांनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "जरा बगा बरं ह्याच्यात काय हाय. आमची माय म्हंती, लेकरू माणसाला हाल हाल करून मारायलंय."

मी चालू केला. मुलाने खेळ जिथं सोडला होता तिथूनच तो उघडला. खुर्चीला बांधलेला माणूस, त्याच्यापुढं मांडलेली हत्यारं, आणि पुढचं हत्यार कोणतं घ्यायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. माणूस ओरडत होता. दुकानात अकरावीच्या दोन मुली रिचार्जसाठी उभ्या होत्या. मी आवाज बंद केला आणि झाकण लावलं.

"इकत घेतलंय म्हणं त्यानं, पाचशे-सहाशे रुपयाला," ते म्हणाले. आणि मग तो प्रश्न : "इकताना कुणी इचारलं न्हाई का ह्याला, बाळा तुजं वय काय?"

विचारलं होतं. हेच मला त्यांना तोंड वर करून सांगता येईना. विचारलं होतं, आणि उत्तर मीच देऊन ठेवलं होतं. लॅपटॉप विकताना त्यावर खातं उघडून दिलं ते मी. जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी १९९० टाकली ती मी. सगळ्यांच्याच टाकत होतो. खरं वय टाकलं की पुढं पालकाचा ईमेल मागतात, पालकाकडं ईमेल नसतो, तो काढायचा तर अर्धा तास जातो, आणि गिऱ्हाईकाला तर गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते. जिल्ह्यातल्या बहुतेक दुकानांत हेच चालतं. आमच्या वडिलांच्या पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली. या पिढीची आम्ही दुकानदारांनी १ जानेवारी लिहिली. गुरुजींच्या १ जूनमुळे फार तर माणूस दोन-चार महिने आधी रिटायर झाला. माझ्या १ जानेवारीमुळे १४ वर्षांचं लेकरू कागदोपत्री पस्तिशीचं झालं आणि प्रौढांसाठी बनवलेलं सगळं त्याच्यापुढं उघडं पडलं.

पैसे कसे भरले, हे पण विचारलं मी. वडिलांच्या यूपीआयवरून. मग पिन? "पिन तेच टाकतंय. मला कुठं येतंय?" त्या घरातला फोन पहिल्यापासून तो मुलगाच चालवतो. खताचे पैसे तो पाठवतो, पीक विम्याचा फॉर्म तो भरतो, पिनसुद्धा त्यानेच ठरवलेला. आपल्या भागात अशी घरं किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथं "पालकांनी परवानगी द्यावी" या वाक्याचा अर्थ "लेकराने स्वतःच स्वतःला परवानगी द्यावी" एवढाच उरतो.

माझ्या दुकानाला लागून पानाची टपरी आहे. २००३ चा तंबाखूविरोधी कायदा त्या टपरीवाल्याला सांगतो की १८ खालच्याला तंबाखू विकायची नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तर कुणालाच विकायची नाही. त्या कायद्याच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. घेणारा अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. शंका आली तर त्याने वयाचा पुरावा मागावा. टपरीवाला म्हणू शकत नाही की "पोरानं स्वतःच सांगितलं मी एकोणीसचा." हा कायदा किती पाळला जातो हा वेगळा विषय, पण बोट कुणाकडं दाखवायचं हे त्यात स्पष्ट लिहिलंय.

दोन पावलांवर माझा काउंटर. तिथं गेम स्टोअरचं गिफ्ट कार्ड, म्हणजे खेळ घ्यायला वापरायचं आगाऊ पैशांचं कार्ड, विकताना मला कुणी काही विचारत नाही. ज्या ऑनलाइन दुकानातून त्या लेकराने तो खेळ घेतला, त्यालाही कुणी विचारत नाही. त्याने तारीख मागितली, तारीख मिळाली, त्याचं काम संपलं.

सिनेमाला आपण १९५२ च्या कायद्याने दाखला देतो. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातल्या यूए, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या, दाखल्याचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे पाडले. ओटीटीवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी तशाच पायऱ्या लावल्या, शिवाय पालकांच्या कुलपाची आणि वय तपासणीची अट घातली. म्हणजे पडद्यावर दुसऱ्याने केलेला खून बघायला वयाची पायरी आहे. तोच खून स्वतःच्या हाताने, बटण दाबून, पुन्हा पुन्हा करायचा असला तर तसा कायदेशीर दाखला आपल्याकडं नाही. ॲप स्टोअरवर १२+, १६+, १८+ असे आकडे दिसतात, ते आंतरराष्ट्रीय पद्धतीने दिलेले असतात, खेळ बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून. आकडा चांगलाच आहे. पण तो आकडा डावलून विकलं तर आपल्या देशात कुणाला काय होतं? माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात कुणाला काही झालेलं मी पाहिलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये तुम्ही सभागृहात ऑनलाइन गेमिंगचा कायदा केलात. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. रमीपायी शेत गहाण टाकलेला माणूस माझ्या काउंटरवर सिम बदलायला आलेला आहे, मी त्याचा चेहरा विसरलो नाही. पण त्या कायद्याचा मुख्य रोख पैशावर आहे. खेळात काय दाखवलंय आणि ते कोणत्या वयाच्या लेकरापुढं जातंय, हा वेगळा प्रश्न आहे.

जर्मनीने हा प्रश्न आपल्या फार आधी अंगावर घेतला, आणि तिथं काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण त्यांच्याकडून घेण्यासारखंही आहे आणि सावध होण्यासारखंही. तिथला अल्पवयीन संरक्षण कायदा १ एप्रिल २००३ पासून लागू आहे. खेळ दुकानात पोरांना विकायचा तर त्यावर वयाचा शिक्का पाहिजे. शिक्के पाच : ०, ६, १२, १६ आणि १८. तपासणी १९९४ पासून काम करणाऱ्या यूएसके नावाच्या संस्थेकडून होते आणि शिक्क्यावर शेवटी सरकारचं शिक्कामोर्तब असतं. शिक्काच नसेल तर तो खेळ १८ चा धरायचा. १८ चा खेळ टपालाने पाठवायचा असेल तर घेणारा प्रौढ आहे याची खात्री करून त्याच्याच हातात द्यावा लागतो, शेजाऱ्याकडं ठेवून जाता येत नाही. चुकीच्या वयाच्या पोराला विकलं तर दुकानदाराला ५० हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पोराला नाही, त्याच्या आईबापाला नाही, दुकानदाराला.

खेळ डबीतून निघून डाउनलोडमध्ये गेले तेव्हा हा कायदा अपुरा पडला. मग १ मे २०२१ पासून त्यांनी तो सुधारला. देशात दहा लाखांहून जास्त वापरणारे असलेल्या खेळांच्या ऑनलाइन दुकानांनाही वयाचा शिक्का दाखवणं भाग झालं. २०२३ पासून यूएसकेने शिक्का देताना आणखी एक गोष्ट धरायला सुरुवात केली : खेळात अनोळखी माणसांशी गप्पा होतात का, आत पैसे उकळणाऱ्या, नशिबावर उघडणाऱ्या पेट्या आहेत का, रोज हजेरी लावायचा दबाव आहे का. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. माझ्याकडं येणाऱ्या पोरांचं नुकसान रक्त बघून किती होतं हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण रात्री दोन वाजता कुणीतरी अनोळखी माणूस त्यांना हेडफोनवरून आईवरून शिव्या देत असतो, आणि १६ वर्षांचा मुलगा सकाळच्या फिजिक्सच्या टेस्टला सुजलेल्या डोळ्यांनी जातो, हे मी बघितलंय.

आता सावध होण्याची बाजू. स्टीम हे कॉम्प्युटरवरच्या खेळांचं सगळ्यांत मोठं ऑनलाइन दुकान. १५ नोव्हेंबर २०२४ पासून तिथं नियम लागला की ज्या खेळाला वयाचं रेटिंग नाही तो जर्मनीतल्या ग्राहकाला दिसणारच नाही. खेळ बनवणाऱ्याने फुकटची प्रश्नावली भरली की रेटिंग मिळतं. वाईट काहीच नाही. पण जे छोटे लोक काही वर्षांपूर्वी एखादा खेळ करून बाजूला झाले, त्यांनी प्रश्नावली भरली नाही, तर तो खेळ जर्मनीत चाळिशीच्या माणसालाही विकत मिळत नाही. लेकरांसाठी घातलेलं कुंपण मोठ्यांच्या वाटेत आलं. असाच प्रकार २०१२ च्या शेवटी झाला होता. खेळाची यंत्रं बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीचं युरोपचं ऑफिस जर्मनीत, म्हणून तिथल्या नियमाला धरून त्यांच्या नव्या यंत्रावरच्या ऑनलाइन दुकानात १८ वरचे खेळ रात्री ११ नंतरच उघडायचे, आणि ते सगळ्या युरोपभर. लोक भांडले तेव्हा काही महिन्यांत तो प्रकार बंद झाला.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनने २०१२ मध्ये १२, १६ आणि १८ चे शिक्के कायद्याने बंधनकारक केले, पण ते डबीतल्या खेळांना. डाउनलोड करायच्या खेळांचं कंपन्यांच्या मर्जीवर राहिलं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने मुलांना हिंसक खेळ विकायला बंदी केली होती, ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली, खेळ हेसुद्धा अभिव्यक्तीचं माध्यम आहे म्हणून. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ खालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. पोरं आईबापाच्या नावाने आत शिरायला लागली, आणि दहा वर्षांनी सरकारने तो कायदाच काढून टाकला. चीनने २०२१ मध्ये १८ खालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढा एकच तास ठेवला. तसं राज्य मला माझ्या पोरांसाठी नको आहे.

आपणही बंदी करून बघितली आहे. २ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲप बंद झाले, त्यात पबजी मोबाईल. त्याच आठवड्यात माझ्या दुकानात पोरं पेन ड्राईव्ह घेऊन आली : "काका, एपीके टाकून द्या की." कुठल्याही साइटवरून उतरवलेली ती फाईल, तिच्यात व्हायरस असला तर फोन गेला, बापाचं बँक खातं गेलं. मी नाही टाकली, पण चौकातल्या कुणीतरी टाकली असणार, कारण पुढच्या आठवड्यात पोरं परत तोच खेळ खेळत होती. पुढं जुलै २०२१ मध्ये तो खेळ भारतासाठी वेगळ्या नावाने आला. १८ खालच्यांना दिवसाला तीन तास आणि पालकाच्या नंबरवर ओटीपी, अशी अट घेऊन. अट ऐकून मला बरं वाटलं होतं. पण ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन लेकराच्याच हातात असतो.

इथं मला तुम्हाला आपल्या मराठवाड्याची गोष्ट सांगायची आहे, कारण दिल्लीत नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं जे घर असतं ते आपलं नसतं. त्याच्या डोळ्यांपुढं असतं आई, बाप, दोन मुलं, प्रत्येकाचा वेगळा फोन, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चर्चा. आपल्याकडं बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, केजची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने. लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. आईबापाशी बोलता यावं म्हणून त्याला एक फोन घेऊन दिलेला असतो, माझ्यासारख्याच कुणाच्या तरी दुकानातून. तो फोन म्हणजे त्या लेकराची माय आहे हो सहा महिने. तो काढून घ्या असं मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि आजीला पालक-नियंत्रणाचं सेटिंग लावायला सांगू?

आणि दुसरं टोक म्हणजे माझा हा ट्यूशन एरिया. नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, कुठून कुठून १५-१६ वर्षांची पोरं इथं खोली करून राहतात. दहावीला पंच्याण्णव टक्के, आता नीट परीक्षेची तयारी. खोलीत तिघं, मेसचा डबा, आणि घरचं माणूस महिन्यातून एकदा भेटायला. हा मुलगा रात्री अकराला क्लासचा पेपर सोडवून थकतो आणि अर्धा तास गोळीबाराचा खेळ खेळतो. मला त्याचा राग येत नाही. त्याचा फोन पोलिसाने तपासावा, हॉस्टेलवाल्याने जप्त करावा असं मला वाटत नाही. त्याने काय खेळावं हे मी ठरवणार नाही. पण १८ वर्षांवरच्या माणसासाठी बनवलेली वस्तू त्याला विकणाऱ्याने एकदा तरी थांबून बघावं की समोर कोण आहे. एवढंच.

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ खालच्यांना बालक मानतो आणि त्यांची माहिती घेण्याआधी पालकाची खात्रीलायक संमती मागतो. चूक केली तर दंड २०० कोटींपर्यंत. तो कायदा माहितीचा आहे, खेळातल्या मजकुराचा नाही. पण त्यातून एक वाट दिसते. त्याच्या नियमांत डिजीलॉकरमधून मिळणाऱ्या टोकनचा विचार केलेला आहे. म्हणजे तुमचं आधार कार्ड कंपनीकडं जात नाही, सरकारी यंत्रणा फक्त एवढंच सांगते की हा माणूस प्रौढ आहे किंवा नाही. खेळाच्या ऑनलाइन दुकानांना हेच लावता येईल. मी आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरताना बघितलेत, झेरॉक्सच्या दुकानात ढीग पडलेले बघितलेत. लेकरांचं रक्षण म्हणून प्रत्येक गेम कंपनीकडं आधारची प्रत गेली तर आम्ही एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडू. ते होऊ देऊ नका.

मी कायदा लिहिणारा नाही, मला काय हवंय ते दुकानदाराच्या भाषेत सांगतो. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळाला वयाचा शिक्का असावा, आणि तो "विकत घ्या" या बटणाच्या शेजारी, मोठ्या अक्षरात, मराठीतही असावा. कशामुळे तो आकडा पडला तेही दोन शब्दांत लिहिलेलं असावं : छळ, जुगारासारखी पेटी, अनोळखी लोकांशी बोलणं. ज्या खात्याचं वय पडताळलेलं नाही त्याला १८ चा खेळ विकता येऊ नये. बघायला मिळालं तर मिळू दे, विकायचं नाही. पडताळणी एकदाच, टोकनने, आणि ते जमत नसलेल्या माणसासाठी बँकेत किंवा आपले सरकार केंद्रावर सोय असावी. नियम मोडला तर दंड विकणाऱ्याला. लेकराला नाही, त्याच्या आजीला तर नाहीच. आणि छोट्या बनवणाऱ्यांसाठी शिक्का फुकट आणि सोपा ठेवा, म्हणजे जर्मनीसारखं जुने खेळ गायब व्हायची पाळी येणार नाही. २०२५ च्या कायद्यात खेळांसाठी प्राधिकरण नेमायची तरतूद तुम्ही केलेलीच आहे. त्याच प्राधिकरणाच्या अंगावर हे काम टाका.

आणि आम्हालाही सोडू नका. फोन किंवा लॅपटॉप विकताना "हा कोण वापरणार?" हे विचारणं, आणि लेकरू वापरणार असेल तर खरी जन्मतारीख टाकून देणं, आमच्यावर बंधनकारक करा. बिलावर तशी एक ओळ असू द्या. गिफ्ट कार्ड विकताना वय बघायला लावा. मी हे स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलतोय याची मला कल्पना आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याने काय होणार, पोरं वाट काढतातच. काढतात. नेट कॅफे होता तेव्हा मी कॉपी केलेल्या सीडीवरून सहावी-सातवीच्या पोरांना तासाला पंधरा रुपयांत जीटीए व्हाइस सिटी खेळू दिलेला आहे. अमेरिकेत त्या खेळाच्या डबीवर १७ वर्षांचा शिक्का होता. माझ्या कॉपीवर स्केच पेनने लिहिलेलं नाव होतं, बाकी काही नाही. ती पोरं आज तिशीत आहेत. त्यातले बहुतेक चांगले निघाले, एक तर माझ्याच गल्लीत शिक्षक आहे, आणि पुण्याहून सुट्टीला आला की अजूनही खेळ खेळणारा एक इंजिनिअर माझा पक्का मित्र आहे. त्याला त्याचे खेळ मिळालेच पाहिजेत, त्यात कुणी कात्री लावू नये. खेळ खेळून माणूस खुनी होतो असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं त्या आजीचं आहे, जिने भाकरी थापता थापता नातवाच्या पडद्यावर माणसाचे हाल बघितले आणि जिला वाटलं की हे खरं चाललंय. घरात ती एकटी होती, मुलगा शेतात, सून रोजगाराला. लेकरापुढं उभं राहणारं मोठं माणूस तिथं कुणीच नव्हतं. ज्याने तो खेळ विकून सहाशे रुपये नेले, तो होता. दहा सेकंदांसाठी का होईना, त्याने तिथं मोठं माणूस म्हणून उभं राहायला पाहिजे होतं.

त्या दिवशी मी लॅपटॉपवरचं जुनं खातं काढलं. मुलाच्या शाळेचा दाखला मागवून त्यावरची तारीख टाकून नवं उघडलं, आणि पालकाच्या जागी वडिलांचा ईमेल काढून दिला. पाऊण तास लागला. मुलगा काही बोलला नाही, फक्त जाताना म्हणाला, "काका, माजा क्रिकेटचा गेम तेवढा ऱ्हाऊ द्या." तो ठेवला.

तेव्हापासून दुकानात पाटी लावली आहे : "फोन कोण वापरणार ते आधी सांगा. लेकरासाठी असेल तर दाखला सोबत आणा." पहिल्या महिन्यात सात-आठ गिऱ्हाईकं पाटी वाचून परत फिरली आणि समोरच्या दुकानात गेली. तिथं पाच मिनिटांत काम होतं, १ जानेवारी टाकून. समोरच्या दुकानदारावर माझा राग नाही, कालपर्यंत मीही तेच करत होतो. पण मी एकटा किती दिवस पाटी ठेवू शकेन ते मला माहीत नाही. नियम सगळ्यांना एकच झाला तर ठेवता येईल.

येत्या अधिवेशनाआधी आपल्यापैकी कुणी लातूरला आलात तर दुकानात जरूर या. एक नवा फोन उघडून, त्यात १४ वर्षांच्या लेकराला काय काय विकत मिळतं, ते मी तुम्हाला समोर बसून दाखवीन.

आपला नम्र,
एक मोबाईल दुकानदार
ट्यूशन एरिया, लातूर